बांधीतलं एक रोप

बसा.

इथं, धुऱ्यावर. माती ओली आहे, कपड्यांना चिखल लागेल. लागू द्या.

आषाढ सरत आलाय. आमगावहून सालेकशाकडे जाताना रुळाच्या दोन्ही अंगांना बांध्याच बांध्या. सगळ्या पाण्यानं भरलेल्या. पाऊस आत्ताच थांबलाय, आणि आभाळ खाली उतरून बांधीत पडून राहिलंय.

काही करायचं नाही. बसायचं.

श्वासाकडे लक्ष द्या. तो ओढू नका, मोजू नका. नुसतं बघा, तो आपला आपण येतो. ओल्या मातीचा वास घेऊन येतो.

जातो.

पुन्हा येतो. तुम्ही बोलावलं नव्हतं, तरी.

थोडा वेळ एवढंच असू द्या.

समोरच्या बांधीत रोवणा चाललाय. दहा-बारा बायांची रांग. पाठी वाकलेल्या, पदर खोचलेले, कुणाच्या डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. रांग मागे मागे सरकते आहे. पुढं हिरवं होत जातं, आणि बाया पाठीकडून, न बघता, एकेक पाऊल मागे टाकतात.

त्यातल्या एकीच्या हाताकडे बघा.

डाव्या हातात रोपांची जुडी. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं. दोन-तीन रोपं सुटी होतात. अंगठा चिखलात जातो. बोटं वर येतात. पाण्यावर एक बुडबुडा येतो, फुटतो.

रोप तिथं राहतं.

पुन्हा. अंगठा, चिखल, रोप.

पुन्हा.

आता बायांना जाऊ द्या पुढं, म्हणजे मागं. त्यांनी आत्ताच रोवलेलं एक रोप निवडा. सगळी बांधी नको. एकच. धुऱ्यापासून हातभर अंतरावरचं.

त्याच्याकडे बघा.

ते ताठ उभं नाही. कललंय. एक पान वाकून पाण्यावर टेकलंय, आणि पाणी हललं की तेही हलतं.

आज सकाळपर्यंत हे रोप पऱ्ह्यात होतं. तिथं दाटीवाटीनं, गर्द हिरवं. मग कुणीतरी मूठभर धरून उपटलं. मुळं तुटली. पाण्यात खळबळून मुळांची माती धुतली. जुडी बांधली. जुडी बांधीत फेकली, ती चिखलात येऊन पडली.

एवढं सगळं होऊन ते इथं आहे.

उद्या ते पिवळं दिसेल. परवा आणखी पिवळं. नवखा माणूस बघेल तर म्हणेल, हे गेलं. शेतकरी तसं म्हणत नाही. तो रोपाकडे फारसं बघतही नाही. तो बांधीतलं पाणी बघतो आणि घरी जातो.

बघत राहा.

या रोपाला चिखल धरून ठेवता येत नाही. धरायचं कशानं? मुळं तर तुटली आहेत.

चिखल त्याला धरून आहे.

हे नीट ऐका, पण समजून घ्यायची घाई नको. मनात ठेवा, जिभेवर खडीसाखर ठेवतो तसं.

चिखल त्याला धरून आहे.

आता हळूच तुमच्या हातांकडे या.

कुठं आहेत ते? मांडीवर? बोटं उघडी आहेत की मिटलेली?

बदलू नका. नुसतं बघा.

पुष्कळदा मूठ आवळलेली असते आणि आपल्याला ठाऊकच नसतं. सोसायटीचं कर्ज त्या मुठीत असतं. पोरीचं लग्न असतं. मिलवाला धानाला काय भाव देईल ते असतं. एखाद्याला क्षमा करायची राहिलेली असते, तीही असते. आपण सोडलं तर सगळं सांडेल, असं वाटत असतं.

माझी मूठ अशीच असते. हे मला आईच्या आजारपणात कळलं. रात्री तिच्या उशाशी बसून मी प्रार्थना करत होते, आणि प्रार्थनाही दात-ओठ आवळून करत होते. माझा जोर कमी पडला तर प्रभू ऐकणार नाही, असं काहीतरी माझ्या अंगात भरलं होतं.

आईनं माझा हात ओढून घेतला. माझी बोटं एकेक करून उघडली. करंगळीपासून सुरुवात केली. तिच्या हातात तेव्हा पाण्याचा पेला पेलायचीही ताकद नव्हती.

ती काही बोलली नाही. उघडलेल्या तळव्यावर तिनं आपला तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

त्या रात्री मी दुसरी प्रार्थना केली नाही.

एक श्वास येऊ द्या.

जाऊ द्या.

ऐका. गाडी येते आहे.

आधी रुळांना कळतं, मग पाण्याला. बांधीवर बारीक सुरकुत्या उठतात. मग हावड्याकडे जाणारी गाडी समोरून धडधडत जाते. खिडक्यांमधून माणसं बाहेर बघतात, आणि एका क्षणात ही बांधी, हे रोप, तुम्ही आणि मी त्यांच्या मागं पडतो.

ही वाट जुनी आहे. नागपूर सुटलं की तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा. मग दरेकशाचे डोंगर. पलीकडे डोंगरगड, आणि राजनांदगाव.

1893 सालच्या एका गाडीत एक माणूस बसलाय. राजनांदगाव संस्थानात नोकरीवर निघालाय. वय एकतीस-बत्तीस. नाव नारायण वामन टिळक.

त्याच्याकडे थोडा वेळ बघू या.

माणूस कवी आहे. संस्कृत पक्कं आहे. वक्तृत्व आहे, स्वाभिमान आहे, पायाला भिंगरी आहे. आणि मनात एक मोठी गोष्ट आहे. या देशाला नवा धर्म हवा, आणि तो आपण द्यावा. त्याची तत्त्वं आपणच मांडावीत. एवढं ओझं तो एकट्यानं उचलायला निघालाय, आणि उचलेल असा त्याला भरवसाही आहे.

मला त्याचा हा भरवसा खोटा वाटत नाही. तो प्रेमातून आलाय. देशावरच्या, माणसांवरच्या प्रेमातून. आपल्यातल्या पुष्कळांची मूठ प्रेमानंच आवळलेली असते.

डब्यात एक युरोपियन प्रवासी आहे. दोघांचं बोलणं कवितेवरून सुरू होतं. बोलणं वाढतं, धर्माकडे वळतं. शेवटी तो प्रवासी टिळकांच्या हातात नव्या कराराची एक प्रत ठेवतो. हे वाचा म्हणतो, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असंही सांगतो.

टिळकांना ते अशक्य वाटतं. पण वाचीन, असा शब्द ते देतात.

गाडी पुढं जाते. हातात पुस्तक आहे.

आता घाई न करता त्या हातांकडे बघा.

दिलेला शब्द पाळायचा म्हणून टिळक वाचायला बसतात. सुरुवातीला मन लागत नाही, तरी वाचतात. मग मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरचं प्रवचन येतं. आत्म्यानं दीन असलेल्यांना प्रभू धन्य म्हणतो ते येतं, रानातली फुलं येतात, आभाळातली पाखरं येतात.

आणि पुस्तक खाली ठेवता येत नाही.

इथं थांबा.

इतका वेळ त्यांनी पुस्तक धरलं होतं. शब्द दिला म्हणून धरलं होतं, आपल्या निश्चयानं धरलं होतं. आता ते खाली ठेवता येत नाही. हात तेच, पुस्तक तेच. कोणी कुणाला धरलंय, तेवढं बदललंय.

हा बदल कधी होतो? कुठल्या ओळीपाशी? मला वाटतं, तो त्या माणसालाही नंतरच कळतो. चिखलातल्या रोपासारखं.

10 फेब्रुवारी 1895. मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो.

त्यानंतर जे झालं ते सोपं करून सांगू नये. घर दुभंगलं. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन आपल्या माणसांकडे राहिल्या. त्या वर्षांतलं रडणं लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि ज्यानं वाचलंय त्याला ते विसरता येत नाही. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, आणि पुढं आपल्या पावलांनी, आपल्या वेळेला, त्याही ख्रिस्ताकडे आल्या. कुणी ओढून आणलं नाही.

रोप उपटताना मुळं तुटतात. तुटल्याचं दुखतं.

ते दुःख इथं असू द्या. त्याला हाकलायला नको.

आणखी एक गोष्ट, मग गाडी जाऊ देऊ. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे काव्य लिहायला घेतलं होतं. मे 1919 मध्ये ते गेले तेव्हा काव्य अपुरंच होतं, नुकती सुरुवात झालेलं. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी.

जे टिळकांच्या हातून सुटलं, ते पडलं नाही.

गाडी गेली.

रूळ अजून थोडे वाजतायत. आता तेही थांबले. पाणी निवळतं आहे.

आपलं रोप कुठं आहे? शोधा. ते बघा, पान अजून पाण्यावर टेकलेलंच.

तुमचा श्वास?

तोही आहे.

डोळे मिटायचे तर मिटा. आता रात्र आहे असं समजा. समोर बांधी नाही, मोठं पाणी आहे. नवेगाव बांधाचा तलाव ज्यांनी अंधारात पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. हे गालीलचं सरोवर आहे, त्याहून कितीतरी मोठं, पण रात्रीचं पाणी सगळीकडे सारखंच काळं.

वारा सुटलाय. नाव हेलकावे खाते आहे. प्रभू येशू पाण्यावरून चालत येतोय, आणि पेत्र नावेतून उतरून त्याच्याकडे निघालाय.

एक पाऊल. दुसरं.

मग त्याला वारा दिसतो.

तो बुडू लागतो.

पेत्र कोण? मासे धरणारा. आपल्याकडच्या ढिवरांसारखा, पाण्यातच लहानाचा मोठा झालेला. त्याला पोहता येत नसेल, असं मला वाटत नाही. पण त्या रात्री पोहणं त्याच्या कामाला येत नाही. आयुष्यभराचं कसब हातात असून तो खाली चाललाय, आणि ओरडतोय.

प्रार्थना केवढी? वाचव, एवढीच.

आणि हात येतो.

त्या हाताकडे बघा. पेत्राच्या नको, प्रभूच्या.

तो लगेच येतो. पेत्रानं आधी धीर गोळा करावा, श्वास सावरावा, चांगल्या शब्दांत मागावं, याची वाट बघत नाही. मनगट धरतो. पाण्यानं निसरडं झालेलं, थरथरणारं मनगट.

तुझा विश्वास थोडा आहे, हे प्रभू त्याला बोलतोही. पण केव्हा बोलतो ते बघा. आधी धरतो, मग बोलतो.

थोड्या विश्वासाचा माणूसही पाण्याच्या वर आहे. हात त्याचा नाही, म्हणून.

तुमच्या मनगटाकडे लक्ष जाऊ द्या. तिथं नाडी चालते आहे. तुम्ही चालवत नाही.

ऐका.

ऐकत राहा.

जे बुडतंय असं वाटतं, त्याचं नाव मनातल्या मनात घ्या. एकच. मोठी प्रार्थना नको. नाव घ्या, आणि गप्प राहा.

डोळे उघडा. बांधी आहे. उजेड थोडा उतरलाय. दूर कुठंतरी सारसांची जोडी ओरडते आहे, एकाचा आवाज संपायच्या आत दुसऱ्याचा.

असे दिवसही येतात, की पाऊस दडी मारून बसतो. चार दिवस, आठ दिवस. बांधीतलं पाणी आटतं, चिखलाला भेगा पडायला लागतात. रोपाला उठून तलावाकडे जाता येत नाही. ते आहे तिथंच असतं.

मग गावात बोलणं होतं, आणि मामा तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडतात.

या तलावांना कागदोपत्री माजी मालगुजारी तलाव म्हणतात. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून असे तलाव बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटलानं घातला, असं लोक सांगतात. ज्यांनी पाळीवर माती टाकली, त्यातलं कुणी आज नाही. पाणी आहे.

ते पाटानं येतं. सावकाश. पुढं थोडा कचरा, वाळकी पानं, फेस. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत. त्याला उतार कळतो, बाकी काही कळत नाही. उंचावर ते चढत नाही. जिथं जमीन नमलेली आहे, तिथं ते जातं.

बघा, ते आपल्या रोपापाशी येतंय.

भेगा एकेक करून मिटतात. रोपानं काही केलेलं नाही. ते बांधीत होतं, तेवढंच.

प्रभूची कृपा म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्याला अशा वेळी पाटाच्या कडेला नेईन. बोलणार नाही.

या काही दिवसांत चिखलाच्या आत काय चाललंय, ते वरून दिसत नाही. पिवळ्या पानांखाली, तुटलेल्या मुळांच्या बुडाशी, पांढरी मुळं फुटतात. दोऱ्याएवढी. कोवळी. ती बघायची म्हणून रोप उपटून पाहिलं तर तीही तुटतात.

आपल्याला उपटून बघायची सवय असते. माझा विश्वास आहे ना? पुरेसा आहे ना? कालच्यापेक्षा वाढला का? रोज उपटायचं, रोज मुळं बघायची, पुन्हा खोचायचं.

आजच्या दिवस नको.

आजच्या दिवस ते चिखलात असू द्या.

श्वास येतो.

जातो.

बायांची रांग आता शेवटच्या कोपऱ्यात आली आहे. एवढा तुकडा झाला की बांधी संपली. कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळ्या हसतात. पाठी अजून वाकलेल्याच.

त्यातली एक तुमच्याकडे बघते. धुऱ्यावर हे कोण बसलंय इतका वेळ, असं तिच्या डोळ्यांत आहे. ती हातातली जुडी सोडते आणि दोन-तीन रोपं तुमच्यापुढं धरते.

उतरा.

पाय चिखलात जातो. गार. मग घोट्याच्या वर, कोमट. बोटांच्या मधून चिखल वर येतो. जरा तोल जातो. जाऊ द्या, सावरेल.

रोपं हातात घ्या. काहीच वजन नाही. मुळांना चिकटलेला पाण्याचा थेंब मनगटावर ओघळतो.

वाका.

अंगठा रोपाच्या बुडाशी ठेवा. खाली न्या. तुम्हाला वाटेल, पडेल हे. आणखी आत रोवावं, चांगलं घट्ट दाबावं. अंगठ्यात जोर येतो.

"जोर नका लावू जी," बाई म्हणते. "खोल गेलं तं फुटत नाही."

अंगठा थांबतो.

हात पाण्यात आहे. पाण्याखाली चिखल आहे, मऊ, आणि तुम्ही काही न करता तो रोपाच्या भोवती येतो आहे. अंगठ्याला ते लागतं.

थांबा थोडं. लागू द्या.

आता बोटं सोडा.

रोप कलतं. एक पान पाण्यावर टेकतं.

बाई पुढच्या रोपाकडे वळली आहे.